रिअल ॲनालिसिस: व्याख्या पाठ आहे, पण सिद्धता सुरूच होत नाही

सवंगणी_सुरू: नमस्कार मंडळी. बीएस्सीला रिअल ॲनालिसिस आहे. कॉलेज तालुक्याला, सोयाबीनच्या सवंगणीत बरेच तास बुडाले. कॅल्क्युलस जमते, लिमिट काढता येते. पण ‘(३एन + १)/(एन + २) ची लिमिट ३ आहे हे व्याख्येवरून सिद्ध करा’ म्हटलं की सुरुवात कुठून करावी तेच समजून नाही राहिलं. एनपीटीईएलचा (आयआयटीवाल्यांचा ऑनलाइन) कोर्स लावू का? गावात नेट धड नाही.

फळा_आणि_खडू: भाऊ, व्याख्या पाठ असून उपयोग नाही, त्यात कोण आधी बोलते ते पाहा. सोयाबीन वाळत घातलं, ओलावा १० टक्क्यांकडे चालला असं तुमचं म्हणणं. व्यापारी म्हणतो, दहापासून फरक अर्ध्या टक्क्याच्या आत पाहिजे. तुम्ही सांगता, सहाव्या दिवसापासून मिळेल. तो म्हणतो, पाव टक्का. तुम्ही म्हणता, नवव्या दिवसापासून. व्यापाऱ्याचा आकडा एप्सिलॉन, तुमचा दिवस मोठा एन (कॅपिटल N). आकडा आधी त्याचा, मग तुमचा, आणि तो कितीही बारीक मागो, तुमच्याकडे उत्तर पाहिजे. अन् मधात पाऊस येऊन बाराव्या दिवशी ओलावा १४ वर गेला, तर तुमचा नववा दिवस खोटा. व्याख्येतले ‘त्यानंतरच्या प्रत्येक एनसाठी’ हे शब्द त्यासाठीच आहेत.

आता तुमचं गणित. आधी कच्च्या कागदावर उलटं चला: वजाबाकी केली की फरक ५/(एन + २) येतो. तो ५/एन पेक्षा लहान. म्हणजे ५/एन हा एप्सिलॉनपेक्षा लहान झाला की काम झालं, त्यासाठी एन हा ५/एप्सिलॉनपेक्षा मोठा पाहिजे. पक्क्या वहीत मात्र सुलटं: ‘एप्सिलॉन शून्यापेक्षा मोठा दिलेला आहे. मोठा एन हा ५/एप्सिलॉनपेक्षा मोठा घ्या. आता एन त्याहून मोठा असेल तर...’ फळ्यावर फक्त पक्कं दिसते, कच्चं दिसत नाही. म्हणून तिथे पटते अन् घरी अडते.

सवंगणी_सुरू: एप्सिलॉन ०.०१ घेतला तर तुमच्या हिशेबाने ५०० येतात. पण ५/(एन + २) वरून ४९८ पुरतात ना?

फळा_आणि_खडू: पुरतात. पण कॅपिटल N सर्वांत लहानच पाहिजे असं कोणी मागितलंच नाही. ५०० चालतो, ५००० ही चालतो. अपूर्णांक सोपा करायला थोडं सैल सोडायचं, या विषयात अर्धं काम तेच आहे.

पांदण_रस्ता: कोर्सबद्दल. व्हिडिओ यूट्यूबवर असतात, तालुक्याला नेट मिळालं की आठवड्याचे एकदम उतरवून घ्या. नाव नोंदवणं फुकट, परीक्षेची फी वेगळी, अन् परीक्षा केंद्रावर जाऊनच द्यावी लागते. १२ आठवड्यांच्या कोर्सात सर्वांत चांगल्या ८ असाइनमेंटचे २५ गुण, परीक्षेचे ७५. सर्टिफिकेटला २५ पैकी १० आणि ७५ पैकी ३० असे दोन्हीकडे वेगळे लागतात. तुमच्या अडचणीवर मात्र हा इलाज नाही. असाइनमेंटमध्ये बहुतेक पर्याय निवडायचे असतात, सिद्धता लिहून कोणी तपासत नाही. ऐकायला लावा, लिहायची सवय वेगळी करा.

सुप्रीममची (वरच्या मर्यादांपैकी सर्वांत लहान) सिद्धताही आताच पाहून ठेवा. एन/(एन + १) या संख्यांचा सुप्रीमम १ आहे हे दाखवायला दोन गोष्टी लागतात: सगळ्या १ पेक्षा लहान आहेत, आणि १ मधून कितीही छोटा एप्सिलॉन वजा केला तरी त्याच्या वर यातली एखादी संख्या सापडतेच. पोरं पहिली लिहून थांबतात. अहो, पहिली अट तर २ सुद्धा पाळतो! दुसरीसाठी एन हा १/एप्सिलॉनपेक्षा मोठा घ्या.

सवंगणी_सुरू: धन्यवाद. एक करून पाहिलं, तपासा. एक्स ३ कडे जाताना एक्स वर्गाची लिमिट ९. फरक |एक्स − ३| गुणिले |एक्स + ३|. म्हणून डेल्टा (एक्स ३ च्या किती जवळ ठेवायचा ते अंतर) = एप्सिलॉन/|एक्स + ३| घेतला.

फळा_आणि_खडू: इथेच बहुतेकांची गाडी फसते. एक्स अजून आलाच नाही, अन् तुम्ही त्याला विचारून डेल्टा ठरवला. डेल्टा फक्त एप्सिलॉनवर (आणि इथल्या ३ वर) अवलंबून चालतो. आधी डेल्टा १ पेक्षा मोठा ठेवायचा नाही असं ठरवा. मग एक्स २ ते ४ च्या मधात, म्हणून |एक्स + ३| हा ७ पेक्षा लहान. आता १ आणि एप्सिलॉन/७ यांतला जो लहान तो डेल्टा. हेच ३ च्या जागी १०० घेऊन करा: ७ च्या जागी २०१ येतात, म्हणजे तोच एप्सिलॉन असून डेल्टा किती आखडला ते पाहा. युनिफॉर्म कंटिन्यूटीचं (एका एप्सिलॉनला सगळीकडे एकच डेल्टा चालतो) प्रकरण आलं की हे पान परत उघडा. एक्स वर्ग अख्ख्या संख्यारेषेवर युनिफॉर्मली कंटिन्युअस का नाही, ते इथेच दिसते.