समुद्राच्या गाळात वरून येणारं सल्फेट आणि खालून येणारा मिथेन जिथे एकमेकांना संपवतात, त्या सल्फेट-मिथेन सीमेच्या खालीही सल्फेट दिसतंय. खरं की भेसळ?

गाळकरी: कृष्णा-गोदावरी खोऱ्यातला ग्रॅव्हिटी कोअर (वजनाने तळात रोवून काढलेला गाळाचा उभा नमुना) आहे. रायझॉनने (गाळात खुपसायच्या सच्छिद्र नळीने) छिद्रजल, म्हणजे गाळाच्या कणांमधलं पाणी, काढलं. सल्फेट वर २८ मिलिमोलर, तिथून जवळपास सरळ रेषेत उतरत ७ मीटरला संपायला हवं. पण त्याखाली शून्याऐवजी २.२ वर अडकलंय. फ्लक्स (वर्षाला चौरस मीटरमागे किती सल्फेट खाली जातं) काढताना हे बिंदू धरायचे का?

खारेपाणी: धरू नका. आधी बेरियम बघा. खरंच २ मिलिमोलर सल्फेट असेल तर बेरियम बॅराइट (जवळपास न विरघळणारं बेरियम सल्फेट) होऊन बसतं, पाण्यात उरत नाही. बेरियम चढलेलं असेल तर सल्फेट नंतर शिरलंय.

शिरायच्या वाटा दोन. जादा सल्फेट फक्त ७ मीटरच्या आसपास असेल तर सल्फाइडवर संशय घ्या. सिरिंजमध्ये हवा राहिली की संपलंच: १० मिली पाण्यातलं २ मिलिमोलर सल्फाइड पूर्ण सल्फेट व्हायला जेमतेम ५ मिली हवा लागते. पहिला मिली टाकून द्या, सिरिंजमधली हवा काढा आणि सल्फेटच्या नमुन्यात लगेच झिंक अ‍ॅसिटेट घाला.

जादा सल्फेट खालपर्यंत पसरलेलं असेल, विशेषतः कोअरच्या तुकड्यांच्या टोकांना आणि लायनरलगत (कोअरभोवतीच्या नळीलगत), तर ते समुद्राचं पाणी. २.२ भागिले २८, म्हणजे ८ टक्के भेसळ. मग बाकीचे आयनही सुधारावे लागतील. कॅल्शियम ३.६ आलं असेल तर त्यातून ०.०८ × १०.३ (समुद्रपाण्यातलं कॅल्शियम) वजा करून ०.९२ ने भागा, खरं ३.०. हे बहुतेक जण विसरतात.

तळठाव: फ्लक्ससाठी फक्त वरचा सरळ भाग घ्या. उतार २८/७ = ४ मोल प्रति घनमीटर प्रति मीटर. सच्छिद्रता ०.७ धरली तर टॉर्चुऑसिटीचा (कणांमधल्या वाटेच्या वाकडेपणाचा) वर्ग १ − लॉग(०.४९) = १.७१ (लॉग नैसर्गिक). ५ अंशांना सल्फेटचा विसरण (डिफ्यूजन) गुणांक सुमारे ६ × १०⁻¹⁰ चौ.मी. प्रति सेकंद, १.७१ ने भागून ३.५ × १०⁻¹⁰. त्याला सच्छिद्रतेने आणि उताराने गुणा: वर्षाला चौरस मीटरमागे सुमारे ३१ मिलिमोल. तक्त्यातला २५ अंशांचा आकडा उचललात तर उत्तर पावणेदोन पट फुगेल.

गाळकरी: बेरियम ७ मीटरखाली एकदम चढलंय, आणि जादा सल्फेट तुकड्यांच्या टोकांनाच जास्त आहे. म्हणजे समुद्राचं पाणी. ४ मीटरला रेषेत किंचित बाक आहे, तो सोडून देऊ?

खारेपाणी: सोडू नका. तिथल्या समुद्रतळाच्या उतारावर गाळ घसरतो. वरून नवा थर येऊन बसला असेल तर रेषा अजून स्थिरावलेली नसेल. विसरणाने ७ मीटर सरळ व्हायला ढोबळ दोन हजार वर्षं लागतात. बाकाच्या वरचा आणि खालचा सल्फेटचा उतार वेगळा काढा. सीमेवरचा मिथेनचा हिशेब खालच्या उतारानेच करा.