हद्दपार कैदी स्त्रीचे चरित्र: कागद संपतो तिथे आपणही थांबावे का?

दप्तरखाना (मूळ धागा)

१७९१ साली इंग्लंडमधील स्टॅफर्ड येथे ‘जेम्स बरो’ नावाच्या मुलावर घोडा चोरल्याचा खटला चालला आणि त्याला सात वर्षांच्या हद्दपारीची शिक्षा झाली. हा मुलगा म्हणजे मुलाच्या वेषातली मेरी हेडॉक, लँकेशरमधील बरी गावची, चौदा वर्षांची. पुढच्याच वर्षी ‘रॉयल ॲडमिरल’ जहाजातून ती सिडनीला पोचली. १७९४ मध्ये तिने टॉमस रीबीशी लग्न केले, १८११ मध्ये सात मुले पदरात असताना ती विधवा झाली, आणि त्यानंतर जहाजे, वखारी व जमिनी यांचा कारभार तिने स्वतः पाहिला. आज ऑस्ट्रेलियाच्या वीस डॉलरच्या नोटेवर तिचा चेहरा आहे.

अशा स्त्रियांच्या कथा सांगताना आरोपीच्या पिंजऱ्यात तिच्या मनात काय दाटून आले, जहाजाच्या तळघरात ती कशी रडली, हे भरून काढण्याची रीत आपल्याकडेही रुळली आहे. मला ती अन्यायाची वाटते, कारण त्या भरावाखाली खरी मेरी दबते. सिडनीला पोचताच, ८ ऑक्टोबर १७९२ रोजी, तिने मावशीला लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. आठवड्याला चार विजारी शिवायच्या आहेत आणि शिध्यात एक पौंड तांदूळ, चार पौंड डुकराचे मांस व वर भाजीपाला मिळणार आहे, असे ती कळवते. आपली शिक्षा सात वर्षांची असे आधी सांगितले होते, पण इथे सगळे ती जन्मभराची आहे म्हणतात, याचे फार दुःख होते, आणि दोन-तीन वर्षांत सुटून जाण्याची एकही संधी मी सोडणार नाही, असेही लिहिते. आपल्याला किती वर्षे भोगायची हेसुद्धा धड माहीत नसलेली मुलगी त्याच पत्रात विजारींचा आणि तांदळाचा हिशेब देते, याहून अधिक मी तिच्या तोंडी काय घालू? माझे म्हणणे असे, की कागद जिथे संपतो तिथे लेखकाने थांबावे आणि तो तिथे संपतो हे वाचकाला दिसू द्यावे.

शेवंती

आपला आग्रह प्रामाणिक आहे, पण ही कसोटी मेरी रीबीसारख्या लिहित्या, पुढे श्रीमंत झालेल्या बाईलाच परवडते. ऑस्ट्रेलियात सुमारे २५,००० स्त्रिया कैदी म्हणून गेल्या आणि त्यांतल्या बहुतेकींच्या हातचे एक अक्षरही मागे उरलेले नाही. टास्मानियातील होबार्टच्या कॅस्केड्स येथील स्त्रियांच्या कारखान्यात, म्हणजे प्रत्यक्षात तुरुंगातच, ‘गुन्हेगार वर्ग’ या सर्वांत खालच्या वर्गातल्या बायकांच्या जाकिटाच्या पाठीवर, उजव्या बाहीवर आणि परकराच्या मागच्या बाजूला मोठे पिवळे ‘सी’ अक्षर लावलेले असे. या बायकांबद्दल वर्तनाच्या नोंदवहीत काय सापडते? उंची, रंग, अंगावरच्या खुणा, आणि मग एकामागून एक शिक्षा: उद्धटपणा केला, दारू प्यायली, परवानगीवाचून बाहेर राहिली. आपण कागदापाशी थांबलो, तर ती कायमची उद्धट आणि दारुडीच राहील, आणि तिचे चरित्र तिच्या जेलरने लिहिले असे होईल. तिच्या बाजूने कुणी कल्पना करायची नाही, हा नियम कुणाच्या सोयीचा ठरतो, ते आपणच सांगावे.

दप्तरखाना

शेवंती, जेलरच्या कागदावर विश्वास ठेवा असे मी म्हटलेले नाही. कागद कुणी लिहिला आणि कशासाठी लिहिला, हे विचारणे म्हणजेच कागद वाचणे. १८०६ मध्ये पाद्री सॅम्युएल मार्सडन याने वसाहतीतल्या स्त्रियांची यादी केली, त्यात ३९५ विवाहित आणि १,०३५ ‘रखेल्या’ दाखवल्या. मात्र इंग्लंडच्या अधिकृत चर्चमध्ये झालेले लग्न तेवढेच त्याने लग्न मानले. कॅथलिक किंवा ज्यू पद्धतीने लग्न करून वर्षानुवर्षे संसार केलेल्या बायकाही त्याच्या लेखी रखेल्याच ठरल्या. हा खोटेपणा उघडा पडला तो दुसऱ्या नोंदी शेजारी ठेवल्यामुळे, कुणी त्या बायकांच्या मनात शिरल्यामुळे नव्हे. कॅस्केड्समधल्या बाईच्या शिक्षांच्या तारखा आणि ठिकाणे घ्या, लग्नाच्या परवानगीचा अर्ज, मुलाची जन्मनोंद आणि दफनाची नोंद त्यांच्या शेजारी मांडा. ‘परवानगीवाचून बाहेर’ या शिक्षेनंतर काही महिन्यांतच मूल जन्मलेले दिसले, तर त्या दोन नोंदी मिळून पुष्कळ सांगतात. त्यात ‘ती प्रेमात पडली होती’ हे वाक्य मात्र मी घालणार नाही, कारण तो बलात्कारही असू शकतो, आणि सुंदर वाक्याने तो झाकला जाईल.

मृगजळ

माझी हरकत तुम्हा दोघांवरही आहे. १८२८ च्या जनगणनेत याच मेरी रीबीने आपण १८२१ मध्ये स्वतंत्र म्हणून आलो असे नोंदवले. ती १८२० मध्ये दोन मुलींसह इंग्लंडला जाऊन पुढल्या वर्षी परतली होती, म्हणजे अक्षरशः पाहिले तर विधान खोटे नाही, पण १७९२ चे जहाज तिने त्यातून पुसून टाकले. पन्नाशीत आलेल्या बाईने जे पुसले, ते उकरून काढण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला? आपल्या अंदमानातही शिक्षेतली काही वर्षे गेल्यावर कैदी स्त्रियांना कैदी पुरुषांशी परवानगीने लग्न करता येत असे, आणि त्यांची मुले पुढे ‘लोकल बॉर्न’ म्हणून ओळखली गेली. ‘काळे पाणी’ म्हटले की मराठी माणसाला सेल्युलर जेल आणि राजकैदी आठवतात, या बायका आठवत नाहीत, हे खरे. पण आजीच्या शिक्षेचे नाव घरात निघू नये असे ज्या घरांना वाटते, त्यांचे तरी ऐकाल की नाही?

दप्तरखाना

मृगजळ, इथे मी काही अंशी मागे येतो. जिचा वंश आज नांदता आहे आणि जिचे नाव कुठल्याही नोटेवर नाही, तिचे चरित्र घरच्यांना विचारल्याशिवाय मी लिहिणार नाही. मेरीचे तसे नाही. तिच्या लपवण्यानेच मला सर्वांत जास्त शिकवले. घरभाड्याने दिलेल्या तिच्या वास्तूत १८१७ मध्ये बँक ऑफ न्यू साउथ वेल्सचे काम सुरू झाले. अकरा वर्षांनी त्याच शहरात तिला आपले येणे बदलून सांगावे लागले. एवढी संपत्ती हाती असूनही तो डाग पुसला गेला नव्हता, हे कोणतीही कल्पना इतक्या स्पष्टपणे सांगू शकली नसती.

शेवंती

‘सांगावे लागले’ असे आपणच लिहिलेत. कदाचित लागले नसेल, तिने मुद्दाम, अभिमानाने सांगितले असेल: जहाजाचे भाडे स्वतः भरून आलेल्या बाईच्या थाटात. जनगणनेच्या रकान्यात यांपैकी काहीच लिहिलेले नाही, म्हणजे मन आपणही वाचलेतच. माझे मागणे इतकेच, की ते वाचताना उघड सांगावे, ‘हे मी म्हणतो’ असे.

दप्तरखाना

कबूल. ‘लागले’ हा शब्द माझा आहे. मूळ नोंदीत तिच्या येण्याबद्दल ‘स्वतंत्र’ हा शेरा आणि १८२१ हे साल आहे, कारण दिलेले नाही.