मदत हवी आहे: रोमानियाचा निषेधगायक क्रिस्तियान पात्सुर्का

नमस्कार मंडळी. आमच्या अभ्यासगटात पुढच्या महिन्यात मला क्रिस्तियान पात्सुर्कावर बोलायचं आहे. माहिती इंग्रजीत फार त्रोटक मिळते, म्हणून इथे विचारतोय.

रोमानियाचा कम्युनिस्ट हुकूमशहा चाउशेस्कू याची राजवट डिसेंबर १९८९मध्ये कोसळली, पण सत्ता गेली ती जुन्या पक्षातूनच आलेल्या इलियेस्कूंकडे. म्हणून एप्रिल १९९०मध्ये बुखारेस्टच्या विद्यापीठ चौकात लोकांनी ठाण मांडलं. इलियेस्कूंनी त्यांना 'गोलान' म्हणजे मवाली म्हटलं. पंचविशीतल्या पात्सुर्काने तीच शिवी उचलून गिटारवर गाणं रचलं आणि ते 'गोलानांचं गीत' म्हणून चौकात घुमू लागलं. कम्युनिस्ट होण्यापेक्षा मेलेलं बरं, असा त्याचा सूर. (चाल इतकी सोपी की एकदा ऐकून कोणीही म्हणावी. माझ्या मते खरी ताकद तिथेच आहे.) मे महिन्यात इलियेस्कू प्रचंड मतांनी निवडून आले. जूनमध्ये चौक रिकामा करण्यात आला आणि राजधानीत आलेल्या खाणकामगारांनी आंदोलकांना झोडपून काढलं.

पात्सुर्का जानेवारी २०११मध्ये वारला, वय अवघं ४६. मला हवी आहे ती मधल्या वीस वर्षांची माहिती: तो काय गात होता, पोट कशावर भरत होता? चौकातलं मूळ ध्वनिमुद्रण कुठे ऐकायला मिळेल? वालेरिउ स्तेरियान या त्याच्या आधीच्या पिढीतल्या लोकगायकाबद्दल कोणी वाचलंय का?

रोमानियन येणारं किंवा बुखारेस्टमध्ये राहिलेलं कोणी असेल तर फारच बरं. दोन-तीन मुलाखतींचा गोषवारा सांगितलात तरी माझं काम होईल.