मदत हवी आहे: थायरॉईडच्या गोळीबरोबर चिनी काढा घ्यावा का?

मंडळी, माझी धाकटी बहीण सिंगापूरला असते. तिला हाशिमोटो आहे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉईडवर उलटते तो प्रकार. रोज सकाळी उपाशीपोटी थायरॉक्सिन (थायरॉईड हार्मोनची गोळी) ७५ मायक्रोग्रॅम चालू आहे, टीएसएचही (थायरॉईडला कामाला लावणारं हार्मोन, रक्तात तपासतात ते) आवाक्यात आहे. पण वजन हलत नाही, केस गळतात, दुपारी ऑफिसात डोळे मिटायला लागतात. वैतागून ती चिनी वैद्याकडे गेली. त्यांनी नाडी आणि जीभ पाहून "मेटाबॉलिझम सुधारेल, गळ्याची सूजही उतरेल" म्हणत काढ्याच्या पुड्या बांधून दिल्या.

तिने एक पुडी उघडून फोटो पाठवला. काळपट, चामड्यासारख्या पट्ट्या, सुकलेली तपकिरी कणसं आणि ज्येष्ठमधाच्या तिरप्या चकत्या. चिठ्ठीवर हायझाओ, कुनबू, श्याकूत्साओ, गानत्साओ (म्हणजे ज्येष्ठमध). यातली पहिली दोन समुद्री शेवाळं आहेत, आणि मला धास्ती त्यांचीच आहे.

गलगंडावर शेवाळ हा चीनमधला फार जुना उपाय, चौथ्या शतकात ग हाँग या चिनी वैद्याने लिहून ठेवलेला. आयोडीन कमी पडून गळा सुजला असेल तर त्याचा गुण येणारच. पण बहिणीला आयोडीनची कमतरता नाही. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम पुरतं आणि कुनबूच्या एकाच ग्रॅममध्ये त्याच्या कितीतरी पट असू शकतं. एवढं आयोडीन एकदम आलं की ग्रंथी हार्मोन बनवणंच थांबवते. वुल्फ आणि चायकॉफ या संशोधकांनी १९४८ साली हे दाखवलं. निरोगी ग्रंथी काही दिवसांत सावरते, हाशिमोटोतली बऱ्याचदा सावरत नाही. बहिणीचा डोस बेताचा आहे, म्हणजे तिची ग्रंथी अजून थोडंफार काम करत असणार. तेही बंद पडलं तर मेटाबॉलिझम आणखी मंदावेल! (गाठी असलेल्यांना उलटा त्रास होऊ शकतो, हार्मोन एकदम वाढतं.)

दुसरी काळजी ज्येष्ठमधाची. जास्त दिवस पोटात गेलं तर पोटॅशियम उतरतं, बीपी चढतं, आणि आमच्या घरात बीपी आहेच. शिवाय हायझाओ आणि गानत्साओ ही जोडी खुद्द चिनी परंपरेतल्या 'अठरा विरुद्ध' यादीत, म्हणजे एकत्र देऊ नयेत अशा औषधांच्या यादीत आहे. तरी १६१७ सालच्या एका प्रसिद्ध गलगंडाच्या काढ्यात दोन्ही एकत्र आहेत, त्यामुळे वैद्यांनी चूक केली असं मी म्हणू शकत नाही.

कोणी थायरॉक्सिन चालू असताना असा काढा घेतलाय का? टीएसएच किती हललं? शेवाळ वगळून पुडी बांधून द्या, असं वैद्यांना सांगता येतं का, की मग त्या काढ्यात राम उरत नाही? टीएसएच आणि फ्री टी४ (रक्तातलं मोकळं थायरॉईड हार्मोन) सोबत लघवीतलं आयोडीन आणि पोटॅशियमही तपासून घ्यावं का? इथे कोणी एंडोक्रायनॉलॉजिस्ट किंवा चिनी वैद्यक शिकलेलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

तिने तिच्या डॉक्टरांना अजून काहीच सांगितलेलं नाही, ओरडतील म्हणून. पुढच्या आठवड्यात अपॉइंटमेंट आहे. तोवर काढा उकळू नकोस एवढं मी तिच्याकडून कबूल करून घेतलंय. चिठ्ठी आणि पुडीचा फोटो घेऊनच डॉक्टरांकडे जा, असंही सांगितलंय.