मदत हवी आहे: घरगुती प्रार्थना गटात कायमचं जावं का?

सर्वांना जय ख्रिस्त. नगरहून चिंचवडला येऊन आम्हाला आठ महिने झाले. रविवारी उपासनेला चर्च भरलेलं असतं. सगळे हात मिळवतात आणि आपापल्या घरी जातात. गेल्या बुधवारी शेजारच्या मावशींनी त्यांच्या घरच्या गटात नेलं. सतरंजीवर आम्ही नऊ जण. बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये २:४६ वाचलं, घरोघरी भाकर मोडण्याचं. मग एका आजींनी माझा हात धरून, माझ्या मुलाचं नाव घेऊन त्याच्या दम्यासाठी प्रार्थना केली. मला रडूच आलं. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन, "बाळ कसंय गं?"

माझे बाबा मेथडिस्ट पंथाचे. त्या पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली यांनी १७४२ साली इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला सुरू केलेल्या बारा-बारा जणांच्या गटांबद्दल, म्हणजे 'वर्गां'बद्दल, ते नेहमी सांगायचे. आठवड्याला एक पेनी वर्गणी गोळा करायला घरोघर जाता जाता एकमेकांची विचारपूस सुरू झाली.

पण पूर्वी एका गटात घरची अडचण बोलले, ती चार दिवसांत मंडळीभर झाली. त्याची धास्ती अजून आहे.

जे वर्षानुवर्षं गटात आहेत त्यांनी सांगा, बोललेलं तिथेच राहावं म्हणून तुम्ही काय ठरवलंय? आणि मिस्टरांची शिफ्ट असते, मी एकटी गेले तर चालेल ना? बुधवारच्या आत कळवा, प्लीज.