कोकण किनाऱ्यावर ब्लू ड्रॅगन कोणी पाहिलाय का? फोटो आणि माहिती हवी आहे

नमस्कार मंडळी, मी ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सला राहते. इथे उन्हाळ्यात ईशान्येचा वारा लागून राहिला की किनाऱ्यावर ब्लूबॉटलचा (जेलीफिशसारखा दिसणारा, डंख मारणारा निळा जीव) नुसता खच पडतो, आणि वाकून नीट शोधलं तर त्यातच कधीकधी ग्लॉकस अटलांटिकस दिसतो, तोच ब्लू ड्रॅगन. बिनशंखाची समुद्री गोगलगाय आहे ही, जेमतेम ३ सेंटीमीटर, पण रंग असा की नजर हटत नाही.

भाची दापोलीला शिकते, तिच्या वर्गासाठी मी यावर मराठीत लिहितेय आणि त्यात आपल्याकडचे फोटो असावेत असं फार वाटतंय. जुहू, गिरगावला पावसाळ्यात ब्लूबॉटल येतातच, आणि हा प्राणी तर त्यांना खातो, मग त्यांच्यासोबत हाही येत असेल ना? कोणी बघितलाय का?

ओळखायचा कसा ते सांगते. हा पोटात हवेचा बुडबुडा गिळून उताणा तरंगतो, म्हणजे आपल्याला वरून जी निळी बाजू दिसते ती त्याची पाठ नाही, पोटाकडची बाजू आहे. खरी पाठ चंदेरी, ती खाली पाण्याकडे असते. त्यामुळे वरून पक्ष्याला तो निळ्या पाण्यात दिसत नाही आणि खालून माशाला उजेडात दिसत नाही, मला तर हे सगळ्यात भारी वाटतं. अंगाला दोन्ही बाजूंनी बोटांसारखे झुपके असतात. ही बोटं एकाच ओळीत आहेत की अनेक ओळींत, हे फोटोत दिसलं पाहिजे, कारण अनेक ओळी असतील तर तो ग्लॉकस मार्जिनेटस किंवा त्याच्या जवळचा कोणीतरी.

आणि प्लीज, हाताने उचलू नका, मेलेला वाटला तरी नाही!! ब्लूबॉटल खाताना तिच्या न फुटलेल्या दंशपेशी हा पचवत नाही, त्या बोटांच्या टोकांत साठवून ठेवतो आणि स्वतःच्या बचावाला वापरतो, त्यामुळे याचा डंख ब्लूबॉटलपेक्षाही जोरात लागू शकतो. लहान मुलं निळं काहीतरी दिसलं की पटकन हात घालतात म्हणून मुद्दाम लिहिलं. इथे ब्लूबॉटल डसली तर आधी समुद्राच्या पाण्याने धुवून मग सोसेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंश, २० मिनिटं तो भाग ठेवायला सांगतात. श्वासाला त्रास वाटला तर मात्र थेट डॉक्टर.

फोटो काढायचा असेल तर चमच्याने उथळ डब्यात समुद्राच्या पाण्यात घ्या, वरून एक फोटो काढा, लगेच परत सोडा.

मालवण, देवगड, वेंगुर्ल्याकडचं कोणी आहे का इथे? रापण ओढणाऱ्यांना विचारून बघाल का, ब्लूबॉटलबरोबर असलं काही जाळ्यात येतं का आणि साधारण कुठल्या महिन्यात? जुने फोटो असतील तरी चालतील, फक्त जागा आणि महिना लिहा.