मुलीसाठी वापरलेली १० मीटर एअर रायफल: फाइनवेर्कबाऊ, वाल्थर की स्टायर?

सांगलीचा पालक
नमस्कार. माझी मुलगी चौदा वर्षांची असून दीड वर्षापासून क्लबच्या रायफलीवर सराव करते आहे. ती रायफल तिला लांब पडते आणि दर वेळी दुसऱ्याने बदललेले स्टॉकचे (खांद्याला व गालाला टेकणाऱ्या दस्त्याचे) माप पुन्हा जुळवण्यात सरावाची पंधरा मिनिटे जातात, म्हणून आता स्वतःची घ्यावी असे ठरवले आहे. नवी परवडणार नाही. फाइनवेर्कबाऊ ८००, वाल्थर एलजी ४०० आणि स्टायर चॅलेंज अशा तीन वापरलेल्या रायफली पाहण्यात आल्या आहेत. यांपैकी सर्वांत अचूक कोणती, आणि परवाना काढावा लागेल का?

प्रशिक्षक, पुणे
परवान्याचे आधी सांगतो. शस्त्र नियम २०१६ नुसार ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या एअर रायफलीला तो लागत नाही, आणि स्पर्धेच्या रायफलीची ऊर्जा साधारण ७.५ ज्यूलच असते.

अचूकतेबाबत म्हणाल, तर या तिन्ही रायफली शिकंज्यात घट्ट बसवून चांगल्या छऱ्यांनी पाच फैरी झाडल्या की कागदावर एकच भोक दिसते. दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर व्यासाचा आहे हे खरे, पण या वयात गुण जातात ते नळीमुळे नव्हे, तर अंगाला न बसणाऱ्या स्टॉकमुळे. मुलीला उभे करून डोळे मिटून रायफल खांद्याला लावायला सांगा. डोळे उघडल्यावर मान न ताणता, गाल न दाबता पीप साइटमधून (डोळ्याजवळच्या बारीक भोकाच्या मागच्या साइटमधून) नळीच्या टोकावरच्या साइटचे रिंगण मधोमध दिसले पाहिजे. चीक पीस (गाल टेकवायचा भाग) आणि बट प्लेट (खांद्याला टेकणारी पट्टी) शेवटच्या खाचेपर्यंत नेऊनही तसे होत नसेल, तर ती रायफल कितीही नामांकित असली तरी सोडून द्या. वजनाची कमाल मर्यादा ५.५ किलो आहे, म्हणून तेवढे वजन उचललेच पाहिजे असे नाही. हलकी घेऊन वजने नंतर वाढवता येतात.

ट्रिगरबद्दल माझे मत विचाराल, तर तो दोन टप्प्यांत दाबला जातो, आणि फाइनवेर्कबाऊचा पहिला टप्पा संपून दुसरा लागतो ती जागा बोटाला सर्वांत स्वच्छ कळते. तरीही निर्णय तिच्या बोटाचा असावा.

रायफल दुरुस्ती करणारा
सरांशी सहमत आहे. वापरलेल्या रायफलीत मी सर्वांत आधी दाबाखालच्या हवेचा सिलिंडर हातात घेतो. त्यावर निर्मितीची तारीख कोरलेली असते, आणि उत्पादकाने दिलेली मुदत संपलेली नाही याची जबाबदारी आंतरराष्ट्रीय नियमांनुसार खेळाडूचीच असते. दोन वर्षांपूर्वी माझ्या भाच्यासाठी घेतलेल्या रायफलीचा सिलिंडर मुदतबाह्य निघाला. विकणाऱ्याने तारखेवर चिकटपट्टी लावली होती आणि ती मी तिथल्या तिथे काढून पाहिली नाही, याचे आजही वाईट वाटते. सिलिंडर एका कंपनीचा दुसऱ्या कंपनीच्या रायफलीला चालेल असे गृहीत धरू नका. मागची साइट मात्र ११ मिलिमीटरच्या पट्टीवर बसत असल्याने सहसा पुढच्या रायफलीलाही उपयोगी पडते. सिलिंडर पूर्ण भरून दाबमापकाचा आकडा लिहून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहा. काटा उतरला असेल, तर रबरी रिंगा बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करायला सांगा.

कोल्हापूरची आई
आमच्याकडे एलजी ४०० आहे आणि तक्रार नाही, पण ती निवडण्याचे कारण एवढेच होते की तिची रबरे आणि सुटे भाग बदलून देणारा माणूस दोन तासांच्या अंतरावर आहे. ऐन स्पर्धेच्या आठवड्यात हवा गळू लागली की हे अंतर फार मोठे वाटते. छऱ्यांचेही तसेच आहे. एकाच कंपनीचे ४.४९ आणि ४.५० मापाचे डबे घेऊन दोन्ही झाडून पाहा, आणि जो डबा चालेल त्याच लॉटचे (एकाच वेळी बनवलेल्या खेपेचे) आणखी मिळतात का ते विचारा.

सांगलीचा पालक
सर्वांचे मनापासून आभार. स्टायरवाल्या विक्रेत्याकडे सिलिंडरच्या तारखेचा फोटो मागितला, तो त्यांनी दिला नाही, म्हणून तो पर्याय सोडला आहे. उरलेल्या दोन्ही रायफली रविवारी क्लबवर येत आहेत, आणि डोळे मिटून खांद्याला लावण्याची परीक्षा मुलगी आजपासूनच घरात काठीवर करते आहे.